कच्चे लिंबू नव्हे, भिडू

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी मुलांच्या खेळाविषयी जाहीर चर्चा झाली की ती ठरलेल्या दोन बाजूंत वाटली जाते. एक बाजू म्हणते की ही मुले पडतील, कशावर तरी आदळतील, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी, मऊ, संथ जागा असावी. दुसरी बाजू म्हणते की वेगळे काढणे हाच मुळात अन्याय आहे. क्रीडांगण एकच असावे आणि ते सर्वांचे असावे. मग दोघांनाही पटेल असा मधला मार्ग निघतो. सगळ्यांच्या क्रीडांगणाच्या एका कडेला घंटा, फिरत्या चकत्या, खडबडीत आणि गुळगुळीत फरशा लावलेली भिंत उभी राहते, ब्रेलमधली एक पाटी लागते आणि क्रीडांगण सर्वसमावेशक झाल्याचे जाहीर होते. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. मूल कुठे असावे यावर त्या बोलतात. तिथे ते काय करणार, पळणार का, त्याला घाम येणार का, ते कधी बाद होणार का, याबद्दल कोणी बोलत नाही. चेंडू कुठे आहे, हद्द कुठे संपते, अंगावर कोण धावून येत आहे आणि डाव कोणाचा आहे, ही माहिती डोळस मुलांना एका दृष्टिक्षेपात मिळते. तीच माहिती त्याच क्षणी कानांना, तळपायांना आणि हातांना मिळण्याची सोय खेळातच असेल, तर तो खेळ सर्वांचा. ती नसेल, तर दृष्टिहीन मूल भर मैदानात उभे असूनही कच्चे लिंबूच राहते.

कच्चे लिंबू हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचे तर असते, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नसते, तेव्हा मुले त्याला कच्चे लिंबू करतात. त्याला कोणी बाद करत नाही, कारण त्याच्या असण्या-नसण्याने डावात काहीच फरक पडत नाही. या व्यवस्थेत माया असते, आणि धाकटे भावंड वर्षा-दोन वर्षांत मोठे होऊन खरा भिडू बनते, म्हणून ती खपून जाते. दृष्टिहीन मुलाला मात्र ही पदवी कायमची चिकटते. त्याला गुण मोजायला बसवले जाते, शिट्टी हातात दिली जाते, त्याने चेंडू मारल्यावर त्याच्या वतीने दुसरेच कोणी धावते. अशा घंटांच्या भिंतीपाशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा मी पाहिला होता. त्याने सगळ्या घंटा वाजवल्या, सगळ्या चकत्या फिरवल्या. चार मिनिटांत भिंत संपली. मागे मैदानावर पकडापकडी रंगात आली होती. पावलांचा धबधबा जवळून गेला की त्याची मान तिकडे वळायची आणि आवाज विरला की पुन्हा सरळ व्हायची. एकदा सगळी मुले खदखदून हसली, तेव्हा त्याने शेजारच्या मोठ्या माणसाला विचारले, “ते का हसले?” त्याच्याजवळ साधने होती, जागा होती, माणूसही होता. खेळाची बातमी तेवढी त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

धावण्या-उड्या मारण्यावरच एवढा भर कशाला, बसून खेळण्याचे खेळ काय कमी आहेत, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर अगदी तान्हेपणापासून सुरू होते. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकी संशोधिकेने जन्मांध बाळांचे दीर्घकाळ निरीक्षण केले आणि १९७७ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. ही बाळे बसण्याच्या, आधाराशिवाय तोल धरण्याच्या बाबतीत फारशी मागे नव्हती. मागे पडत होती ती रांगण्यात आणि चालण्यात. कारण पायांत नव्हते. डोळस बाळाला समोरचे खेळणे खुणावते आणि ते पुढे सरकते. जन्मांध बाळासाठी हातातून सुटलेले खेळणे नाहीसेच झालेले असते. आवाज येतो तिथे वस्तू असणार, ही जाणीव त्याला पहिल्या वर्षाच्या अखेरीस कुठे होऊ लागते आणि तेव्हा ते आवाजाकडे हात नेते. म्हणजे हालचालीत पडणारा पहिला खंड शक्तीचा नसून ओढीचा असतो. पुढे हा खंड मोठी माणसे वाढवत नेतात: उचलून नेतात, हात सोडत नाहीत, धावू देत नाहीत. तोल सांभाळायला शरीराकडे डोळे, आंतरकर्ण आणि स्नायू-सांध्यांची जाण असे तीन आधार असतात. त्यातला एक नसेल, तर उरलेल्या दोघांना जास्त सराव हवा, आणि तो सराव चढण्यात, झोके घेण्यात, गरगर फिरण्यात, उतारावरून पळण्यातच मिळतो. शाळेच्या वयात ही मुले दमसासात आणि तोलात मागे दिसतात, तेव्हा तेच मागेपण त्यांना खेळापासून दूर ठेवण्याचे कारण म्हणून दाखवले जाते. ज्याने दुखणे बरे व्हायचे तेच औषध काढून घ्यायचे आणि वर दुखण्याकडे बोट दाखवायचे, हा कुठला न्याय?

सुरक्षेचा मुद्दा मात्र उडवून लावण्याजोगा नाही, आणि सर्वसमावेशकतेचे पुष्कळ समर्थक तो उडवून लावतात, ही त्यांची चूक आहे. झोपाळ्याच्या झेपेत कोणतेही मूल येऊ शकते, पण ज्याला झोपाळा येताना दिसत नाही ते नक्कीच अधिक येते. पांढरी काठी जमिनीवरचा दगड शोधते. चेहऱ्याच्या उंचीवर आडवा आलेला दांडा किंवा घसरगुंडीची खालची तिरपी बाजू तिला सापडत नाही. कठडा नसलेला उंच ओटा ही खरीखुरी भीती आहे. हे सगळे मान्य करूनही माझे म्हणणे असे की या यादीतला प्रत्येक धोका माहिती न पोहोचण्याचा धोका आहे आणि त्याला उत्तर मुलाचा वेग कमी करणे हे नाही. झोपाळे मैदानाच्या कडेला, एकाच बाजूने जाता येईल असे बसवता येतात, आणि त्यांच्या झेपेच्या अलीकडे जमिनीचा पोत बदलता येतो, म्हणजे तळपायाला आधीच कळते. घसरगुंडीखालची पोकळी जमिनीपर्यंत बंद करता येते, म्हणजे डोके आदळण्याआधी काठी किंवा पाय लागतो. खांबांना आणि पायऱ्यांच्या कडांना आजूबाजूच्या रंगाशी ठळक विरोध साधणारा रंग देता येतो, कारण दृष्टिबाधित मुलांपैकी बहुतेकांना थोडीफार दृष्टी असते आणि चकाकणारा पत्रा किंवा एकाच रंगात बुडालेले मैदान त्यांना अंधाराइतकेच त्रासदायक ठरते. मुलाला ज्याचा अंदाज घेता येतो ती जोखीम, आणि ज्याचा अंदाजच येऊ शकत नाही तो सापळा. सापळे काढायचेच आहेत. जोखीम काढून टाकली, तर खेळात उरते काय?

हा विचार नवा नाही. बॉस्टनच्या अंधशाळेचे पहिले संचालक सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांनी १८४१ मध्येच पालकांना बजावले होते की कपाळावरची टेंगळे, ओरखडे, नाकातून आलेले रक्त यांचा फार बाऊ करू नका. त्याने वरची सालच काय ती दुखावते, निष्क्रियतेचा गंज मात्र आतून खातो. पुढे १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून कोपनहेगनजवळ एम्ड्रप येथे भंगारातल्या लाकडा-विटांचे मैदान उभे राहिले, जिथे मुले स्वतःच बांधत आणि मोडत. ते पाहून भारावलेल्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी ती कल्पना ब्रिटनमध्ये नेली आणि १९७० मध्ये लंडनला अपंग मुलांसाठी तसेच साहसी मैदान सुरू केले. ज्यांच्यासाठी सगळे मऊ आणि सपाट करावे असे इतरांना वाटत होते, नेमक्या त्यांच्याचसाठी त्यांनी चढण्याजोगे, कोसळण्याजोगे, ओले होण्याजोगे मैदान मागितले.

आता माहितीचा प्रश्न अधिक बारकाईने पाहू, कारण चांगला हेतू इथेच फसतो. घुंगरू घातलेला चेंडू आणला की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण घुंगरांचा चेंडू घरंगळतो तोवरच वाजतो. तो थांबला की गप्प होतो आणि गवतात थांबला तर मैदानातून नाहीसाच होतो. हवेतून फेकला तर बहुतेक वेळ तो मुकाच येतो आणि थेट तोंडावर लागतो. ज्यांनी असे खेळ रचले त्यांनी हे पुरते ओळखले होते. १९४६ मध्ये हान्स लोरेन्झेन आणि सेप राइंडले यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी घरंगळत्या चेंडूने समोरच्या संघावर गोल करण्याचा गोलबॉल हा खेळ रचला. त्यातला सव्वा किलोचा घंटांचा चेंडू टणक, सपाट जमिनीवरून घरंगळतच जातो. अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद मैदानाच्या रेषांखाली दोरी घालून वरून पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे हाताने किंवा पायाने चाचपून खेळाडूला आपण कुठे आहोत हे कळते. चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनी शांत राहायचे असते; शांतता हा त्या खेळाचा नियमच आहे, शिष्टाचार नव्हे. १९२२ मध्ये मेलबर्नच्या दोन अंध कामगारांनी डब्यात खडे घालून क्रिकेट सुरू केले. आज त्या खेळात चेंडू खांद्याखालून टाकतात आणि तो खेळपट्टीच्या मध्याअलीकडेच टप्पा घेतो, म्हणजे फलंदाजाला तो ऐकू येत येत पोहोचतो. थांबलेला चेंडू ऐकू यावा यासाठी १९६४ मध्ये चार्ली फेअरबँक्स या अमेरिकी टेलिफोन अभियंत्याने चेंडूतच टिटटिट करणारे यंत्र बसवले. त्यातून जो बेसबॉल घडला त्यात गोलंदाज फलंदाजाच्याच संघाचा असतो, कारण चेंडू टोलवता यावा यासाठी दोघांचे संगनमत लागते. फलंदाजाने चेंडू मारला की त्याने धावून गाठायच्या दोन मनोऱ्यांपैकी एकातून गुंजारव सुरू होतो. कोणत्या, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. घंटांच्या भिंतीत आणि या मनोऱ्यात फरक हाच, की मनोऱ्याचा आवाज त्याला पळायला लावतो. आणि हे सगळे नसेल तर? साध्या चेंडूवर प्लास्टिकची पातळ पिशवी घट्ट गुंडाळली तरी तो जाताना सळसळतो. पैशांअभावी अडते असे म्हणणाऱ्यांनी निदान एवढे करून पाहावे.

आवाजाची भर घालणे जितके महत्त्वाचे, तितकेच आवाज कमी करणे, आणि हे सहसा विसरले जाते. पाच जण एकदम “इकडे, डावीकडे, नाही नाही, मागे” असे ओरडू लागले की दृष्टिहीन मुलाला काहीच ऐकू येत नाही. डोळस मुलाच्या डोळ्यांवर प्रखर दिवा रोखावा तसे ते होते. म्हणून बोलावणारा एकच असावा आणि त्याने आधी नाव घ्यावे, मग सांगावे. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूकडे झेपावणाऱ्या खेळाडूने ‘व्होय’ (स्पॅनिशमध्ये ‘मी येतो’) असे मोठ्याने म्हणायचे असते. न म्हटल्यास तो अपराध ठरतो. त्या नियमाचा खरा अर्थ असा की टक्कर टाळण्याची जबाबदारी जो हलतो आहे त्याच्यावर आहे. पकडापकडीत ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या मनगटात घुंगरू बांधले की हेच साधते. मात्र दृष्टिहीन मुलावर राज्य आले की घुंगरू उरलेल्यांच्या हातात जायला हवेत, हे विसरून चालणार नाही. मैदानाची बांधणीही बोलते किंवा गप्प राहते. कॉर्नेल विद्यापीठात १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले की अंध व्यक्तींना समोरची भिंत चेहऱ्याला जाणवते असे जे मानले जाई, ते प्रत्यक्षात पावलांच्या प्रतिध्वनीमुळे घडत होते. कान बंद केले की ती जाणीव हरपत होती, आणि डोळे बांधलेल्या डोळस व्यक्तींनाही ती सरावाने येत होती. म्हणून चहूकडे मोकळे, वारा सुटलेले मैदान दृष्टिहीन मुलाला दाट धुक्यासारखे असते. तेच एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला झाडांची रांग आणि पायाखाली बदलती जमीन असेल, तर त्याला नकाशा मिळतो. मोकळे म्हणजे मुक्त, हे डोळस माणसाचे गणित आहे.

याहून अवघड एक गोष्ट आहे. युद्धातून परतलेल्या सैनिकांनी धावणे पाहिलेले होते. खेळ म्हणजे काय हे त्यांचे शरीर जाणत होते. जन्मांध मुलाने कोणाला धावताना पाहिलेलेच नाही. गुडघे किती वर येतात, कोपर कसे हलतात, पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात म्हणजे काय होते, हे त्याला कोणी सांगून कळणार नाही. शिकवणाऱ्याने जागच्या जागी धावत राहावे आणि मुलाने त्याच्या मांडीवर, खांद्यावर, कोपरावर हात ठेवून ते वाचावे, हाच त्याचा मार्ग. त्यानंतर दोरी. दोन खांबांमध्ये कमरेच्या उंचीवर दोरी ताणतात, तीत एक कडे ओवतात आणि मूल ते कडे धरून धावते; शेवट येण्याच्या काही पावले आधी दोरीला गाठ असते. एका मुलीला अशी दोरी पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी तिथे होतो. पहिल्या फेरीत ती चालली, मोकळा हात चेहऱ्यासमोर धरून. दुसऱ्या फेरीत हात खाली आला. कडे गाठीवर अडले, तेव्हा ती वाकून गाठ बोटांनी नीट चाचपत राहिली, जणू कोणाचा शब्द खरा आहे का ते तपासत होती. तिसऱ्या फेरीत ती धावली, अंग पुढे झोकून, आणि गाठीला थांबून तिने पहिला प्रश्न विचारला, “आणखी लांब दोरी आहे?” तिच्या पायांत बळ आधीही होते. पुढची वीस पावले मोकळी आहेत, ही खात्री तिला त्या गाठीने दिली.

डोळस मुलांना डोळे बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ देणारे कार्यक्रम हा या वादातला आणखी एक लाडका उपाय आहे. त्यामागची सद्भावना खरी आहे, पण मला तो धोकादायक वाटतो. जगभर खेळल्या जाणाऱ्या आंधळ्या कोशिंबिरीत डोळ्यांवरची पट्टी ही शिक्षा असते. ती ज्याच्यावर येते तो चाचपडतो, बाकीचे त्याला टपल्या मारून पळतात, आणि कोणाला तरी पकडून ती पट्टी त्याच्या गळ्यात घालणे एवढेच त्याचे ध्येय असते. अर्ध्या तासाचा अनुभव-कार्यक्रम त्याच खेळाची गंभीर आवृत्ती आहे. कोणतेही कौशल्य हाती येण्याआधी पट्टी सुटते आणि मनात भीती तेवढी उरते. असे उपक्रम तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले आहे की थोडा वेळ डोळे बांधून वावरलेले लोक नंतर अंध व्यक्तींच्या क्षमतेविषयी आधीपेक्षाही कमी अपेक्षा बाळगू लागतात. गोलबॉलमध्येही सगळे खेळाडू पट्टी बांधतात, मग फरक कुठे? तिथे पट्टी सर्वांना सारखी असते आणि ती बांधून जिंकायचे असते. महिनाभर तो खेळ खेळलेले डोळस मूल दृष्टिहीन भिडूची कीव करत नाही. कोपऱ्यातून येणारा त्याचा चेंडू कसा अडवायचा याची चिंता करते.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि तो अपंगत्वाचा अनुभव असलेल्या माणसांकडूनच येतो. ते म्हणतात की एकत्र मैदानावर आमच्या वाट्याला पंचगिरीच आली. आम्ही खरोखर खेळलो ते आमच्या शाळेत, आमच्या शिबिरात, आमच्यासारख्यांत. हे शंभर टक्के खरे आहे. वर सांगितलेले बहुतेक खेळ अंध कामगारांच्या आणि सैनिकांच्या वेगळ्या गटांतच जन्माला आले. एकत्रतेच्या नावाखाली ती ठिकाणे बंद करणे हा अपराध ठरेल. लिपीचा इतिहास हीच गोष्ट सांगतो. व्हॅलेंटिन आउई यांनी पॅरिसमध्ये अंधशाळा काढली, तेव्हा मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उठावदार करून घेतली. डोळ्यांना ती सुंदर दिसत; बोटांना एकेक अक्षर उलगडायला वेळ लागे. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने १८२९ मध्ये टिंबांची लिपी प्रसिद्ध केली, तर काही वर्षे त्या शाळेतच तिला मज्जाव झाला. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. टेंगळांना भिऊ नका असे सांगणारे हाऊसुद्धा इथे चुकले. टिंबांमुळे अंध माणूस डोळसांपासून तुटेल, म्हणून त्याने सर्वांचीच अक्षरे वाचावीत, असा त्यांचा आग्रह होता. समावेशाच्या तळमळीतूनच त्यांनी बोटांना न पेलणारी लिपी उचलून धरली. आजचे ‘एकच मैदान, सर्वांसाठी’ हे वाक्य ऐकताना मला ती उठावदार रोमन अक्षरे आठवतात.

पण म्हणून वेगळेपण हेच उत्तर ठरते का? टिंबांनी अंधांना वेगळ्या ग्रंथालयात कोंडले नाही. तेच ग्रंथ, तेच गणित, तेच संगीत टिंबांतून वाचता आले म्हणून ते डोळसांच्या शाळांत आणि विद्यापीठांत जाऊन बसले. बोटांची लिपी आधी बोटांच्या जगात सिद्ध झाली आणि मग बाहेर पडली. खेळाचे तसेच व्हायला हवे. वेगळी शिबिरे आणि वेगळे संघ या प्रयोगशाळा आहेत. तिथे घडलेली दोरी, गाठ, ‘व्होय’, एकच बोलावणारा, शांततेचा नियम, हे सगळे रोजच्या मैदानावर आले पाहिजे, कारण मूल शिबिरात वर्षातले काही दिवस असते आणि घराजवळच्या मैदानाशेजारी रोज असते. १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ प्रत्येक मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम ३० अपंग मुलांना खेळात इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा असे सांगते. ‘बरोबरीने’ हा शब्द रोजच्या संध्याकाळींना लागू होत नसेल, तर तो कशाला लागू होतो?

नियम बदलले तर इतर मुलांच्या खेळाची मजा जाईल, ही तक्रार मुले क्वचितच करतात. ती मोठ्यांची असते. मुले तर रोज नियम बदलतात. जागा अरुंद असेल तर भिंतीपलीकडे चेंडू गेला की बाद, गडी कमी असतील तर एकच जण दोन्हीकडून, हे ठरवायला त्यांना क्षण पुरतो. मोठ्यांना ज्या नियमांचा अभिमान वाटतो तेही कुठल्या ना कुठल्या अडचणीतूनच आलेले आहेत. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे थंडीमुळे बाहेर खेळता न येणारे विद्यार्थी, एक बंदिस्त दालन आणि धसमुसळेपणात होणाऱ्या दुखापती, एवढ्या अडचणी होत्या. त्यांनी फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या, चेंडू घेऊन पळायला बंदी केली आणि तेरा नियम लिहिले. बास्केटबॉल हा आरंभापासूनच जुळवून घेतलेला खेळ आहे. चाकाच्या खुर्चीवरील टेनिसपटू उभ्या प्रतिस्पर्ध्याशी खेळतो, तेव्हा त्याला चेंडूचे दोन टप्पे मिळतात आणि समोरच्याला एक. सामना चुरशीचा व्हावा म्हणूनच तो फरक आहे. दृष्टिहीन भिडूसाठी चेंडू जमिनीवरून घरंगळत द्यायचा, पास देण्याआधी नाव घ्यायचे, अशा नियमाने खेळ पातळ होत नाही. त्यात कानांचे नवे कौशल्य येते. मात्र एक अट मला महत्त्वाची वाटते: सवलत माहितीची असावी, निकालाची नसावी. चेंडू ऐकू येईल असा टाकावा, पण त्रिफळा उडाला तर तो बादच.

क्रीडांगण पूर्ण झाल्यावर कागदावरची यादी घेऊन तपासणी करणाऱ्यांना मी म्हणेन की पाटी आणि भिंत सोडा. खेळ ऐन रंगात असताना, सगळ्यात जास्त गोंगाटाच्या वेळी या आणि एका दृष्टिहीन मुलाच्या मागे अर्धा तास राहा. ते किती वेळ धावले, किती वेळा त्याच्याकडे चेंडू आला, त्याच्यावर राज्य किती वेळा आले आणि ‘काय झाले?’ असे त्याला किती वेळा विचारावे लागले, एवढे लिहून काढा. मैदान आखतानाही याच मुलांना आधी बोलवा, जागा अजून मातीचीच असताना, म्हणजे भिंत कुठे असावी आणि वाळू कुठून सुरू व्हावी हे ती चालून सांगतील. त्या दोरीवरच्या मुलीला नंतर मी घुंगरांच्या पकडापकडीत पाहिले. एका मुलाने तिला हात लावल्याचे सांगितले. तिने ठणकावून सांगितले की हात फक्त ओढणीला लागला, अंगाला नाही, आणि घुंगरू तर तिच्या डावीकडे वाजत होते. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले, बाकीची मुले दोन्हीकडून बोलू लागली, आणि शेवटी निकाल तिच्या विरुद्ध गेला. तिने पाय आपटले, राज्य घेतले आणि घुंगरू उरलेल्यांच्या हातात गेले.